कचरा एकदा उचलला, पैसे दोनदा का?

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आणि तळोजा वसाहतींतील घरधारक बंधुभगिनींनो,

पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाली. त्या दिवशी आपल्या वसाहतींत काय बदलले? कचऱ्याची गाडी सिडको या सरकारी कंपनीची होती, दुसऱ्या दिवशीही सिडकोचीच आली. रस्ते, उद्याने, गटारे सिडकोच सांभाळत होती आणि त्यासाठी सेवाशुल्काची बिले पाठवत होती. आपण ती भरली. या सेवा महापालिकेकडे गेल्या त्या नंतर, टप्प्याटप्प्याने, एकेक करून. पण 2021 साली मालमत्ता कराची बिले दारात आली, ती थेट 1 ऑक्टोबर 2016 पासूनची.

दूध एकाने घालायचे, त्याचे पैसेही त्याने घ्यायचे, आणि पाच वर्षांनी दुसऱ्याने येऊन त्याच दुधाचे बिल मागायचे. कोणत्या घरात हे चालवून घेतील?

यावर एक उत्तर ठरलेले असते. कर आणि शुल्क या वेगळ्या गोष्टी आहेत, कराच्या बदल्यात ठरावीक सेवा मिळालीच पाहिजे असे नाही. हे उत्तर खोटे नाही. शिरूर मठाच्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आणि पुढे अनेक निकालांत त्याचाच आधार घेतला गेला. आपल्यापैकी काहींनी न्यायालयात दाद मागितली आहे, तिथे कायद्याचा कीस पडायचा तो पडेल. पण याच नियमाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. शुल्क घेणाऱ्याला सेवेचा हिशेब द्यावाच लागतो. मग सिडकोने आपल्या नोडमधून, म्हणजे वसाहतीतून, त्या वर्षांत किती सेवाशुल्क गोळा केले आणि त्यातले किती त्याच नोडवर खर्च केले, हा आकडा नोडनिहाय जाहीर करा.

मुळात हा घोळ घरधारकांनी घातलेला नाही. महापालिका स्थापन करणारे राज्य सरकार. सेवा मात्र सिडकोकडेच राहू देणारेही राज्य सरकार. सिडको ही 1970 साली स्थापन झालेली, सरकारच्या मालकीची कंपनी आहे आणि महापालिका सरकारच्याच कायद्याने चालते. एकाच घरातल्या दोन हातांनी आपसात हिशेब करावा. ज्या वर्षांत ज्या सेवेचे पैसे सिडकोने घेतले, तेवढी रक्कम मालमत्ता करातून वळती करा आणि महापालिकेला ती सिडकोकडून मिळवून द्या. यात महापालिकेचे एका रुपयाचे नुकसान नाही.

आपण करबुडवे नाही, हे ठासून सांगायला हवे. नवीन शहराला पैसा लागतो. शाळा, दवाखाने, मलनिस्सारण फुकटात उभी राहत नाहीत. एखाद्या भागाला जादा सुविधा हवी असेल, तर त्या भागाने जादा पैसे भरावेत, हेही आम्हाला मान्य आहे. जगभर शहरे अशी विशेष करक्षेत्रे आखतात. कॅलिफोर्नियात 1978 साली मतदारांनीच मालमत्ता कराला मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्याची मर्यादा घातली. नव्या वसाहतींच्या शाळा-रस्त्यांना पैसे कमी पडू लागले, तेव्हा 1982 साली मेलो आणि रूस या दोन आमदारांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. वसाहतीची हद्द आखायची, कामे ठरवायची, त्या हद्दीतल्या दोन तृतीयांश मतांनी विशेष कर मंजूर करून घ्यायचा. घर विकताना ग्राहकाला त्या कराची लेखी सूचना द्यायची.

त्या कायद्यात एक मोठे भगदाडही आहे, आणि ते आपल्या ओळखीचे आहे. हद्दीत बारापेक्षा कमी नोंदणीकृत मतदार राहत असतील, तर मत जमीनमालकांचे, तेही एकराच्या हिशेबाने. म्हणजे मोकळ्या माळावर बिल्डर एकटाच मतदान करतो आणि नंतर राहायला येणारी कुटुंबे वर्षानुवर्षे तो कर भरतात. आपले सेवाशुल्क असेच ठरले. सिडकोचे संचालक मंडळ आपण निवडून देत नाही. तिथे दर ठरले, आपण पावत्या जमवल्या. महापालिका आली, 2017 साली पहिली निवडणूक झाली, तेव्हा आता आपले कोणीतरी असेल असे वाटले. 2022 मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. वसुली मात्र एक दिवसही थांबली नाही.

ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन हे शहर वसले, त्यांच्या गावठाणांचा प्रश्न याहून जुना आणि मोठा आहे. या करवादात वसाहतवाले विरुद्ध गाववाले असे चित्र कोणी रंगवू लागले तर त्याला साथ देऊ नका.

आता शास्तीबद्दल. महापालिका कायद्यानुसार थकीत करावर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती लागते. ज्या रकमेबद्दलच वाद आहे, जिचे बिल पाच वर्षे उशिरा आले, तिच्यावर ही शास्ती चढत राहिली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला झोप लागू नये एवढे आकडे झाले. मग अभय योजना येते, शास्तीत मोठी सवलत जाहीर होते आणि लोक मुकाट्याने रांगेत उभे राहतात. ज्यांनी घाबरून भरले त्यांना आम्ही दोष देत नाही. पण शास्तीची सवलत म्हणजे मूळ रकमेचा न्याय नव्हे. सेवाशुल्क वळते करण्याचा प्रश्न, पैसे भरलेल्यांसाठीसुद्धा, तसाच शिल्लक आहे.

आणि पुढचे काय? नोडमधून किती कर जमला आणि नोडमध्ये किती खर्च झाला, हे दरवर्षी प्रभागनिहाय छापून लावा. जादा आकारणी हवी असेल तर तिची हद्द, काम आणि मुदत आधी सांगा. महाराष्ट्राने 2009 साली महापालिका कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद केली आहे, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामे ठरवावीत म्हणून. त्या सभा भरवा आणि जादा आकारणी त्यांच्यासमोर ठेवा. लोक नाही म्हणाले, तर ती आकारणी करू नका.

आजपासून प्रत्येक सोसायटीने करायचे काम असे आहे. ऑक्टोबर 2016 पासूनच्या सेवाशुल्काच्या सर्व पावत्या एका फाइलीत लावा. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या की ही रक्कम मालमत्ता करातून वळती व्हावी. ठरावाची प्रत आणि पावत्यांच्या झेरॉक्स प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज सिडको आणि महापालिका, दोन्हीकडे टाका. विचारा एवढेच: आमच्या नोडमधली कोणती सेवा कोणत्या तारखेला हस्तांतरित झाली, आणि त्या तारखेपर्यंत तिचे पैसे कोणी घेतले? उत्तरासाठी त्यांना तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आले की त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावा आणि शेजारच्या सोसायटीलाही द्या.