काळाचे आधारवर्ष

माणूस आणि चिंपांझी यांच्या वंशशाखा केव्हा विलग झाल्या, या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही. अशी विखुरलेली उत्तरे एकत्र करणाऱ्या ‘टाइमट्री’ या अमेरिकेतील कोशाच्या २०२२ च्या आवृत्तीत ४,०७५ शोधनिबंधांतून घेतलेल्या १,३७,३०६ जाती आहेत. उद्योग मोठा, शिवाय सर्वांस खुला. परंतु रेणूंचे घड्याळ लावायचे ते जीवाश्मांवरूनच. पक्षी व सस्तन प्राणी यांच्या फारकतीचा ३१ कोटी वर्षांचा आकडा बिनचूक मानून कोशकर्त्यांनीही पूर्वी गणिते मांडली होती. २००४ मध्ये ग्राउर व मार्टिन यांनी त्यावर नेमके बोट ठेवले. आधारवर्ष चुकले की सारा निर्देशांक चुकतो, हे जाणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. आता कोश मध्यकासोबत अनिश्चिततेच्या मर्यादाही देतो. त्या गाळून नुसता मध्यक वर्गात सांगितला, तर विद्यार्थ्याच्या हाती अंदाज पडेल आणि तो त्याला मोजमाप समजेल.