छायाचित्रांत दडलेली भूमिती

मार्च २००१मध्ये अफगाणिस्तानातील बामियान येथील दोन प्रचंड बुद्धमूर्ती तालिबानच्या राजवटीने स्फोटके लावून उद्ध्वस्त केल्या, तेव्हा जगभर निषेध झाला, हळहळ व्यक्त झाली आणि यथाकाल ती ओसरलीही. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील आर्मिन ग्रून, फॅबिओ रेमोंडिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र हळहळीच्या पलीकडचा एक प्रश्न विचारला. मूर्ती गेली हे खरे. पण तिची मापे कोठे शिल्लक आहेत काय? त्यांच्या हाती तीन प्रकारची छायाचित्रे आली. काही इंटरनेटवर विखुरलेली होती, काही प्रवाशांनी हौसेने टिपलेली होती, आणि काही मोजकी छायाचित्रे ग्राझचे प्राध्यापक कोस्टका यांनी १९७० साली मोजणीच्या खास कॅमेऱ्याने घेतलेली होती. या सामग्रीवरून सुमारे ५३ मीटर उंचीच्या थोरल्या मूर्तीचा आकार गणिताने पुन्हा उभा करण्यात आला.

या प्रयत्नाची वाहवा पुष्कळ झाली. त्यातील खरी शिकवण मात्र तपशिलात आहे. इंटरनेटवरील चित्रांतून मूर्तीचा ढोबळ आकार तेवढा हाती लागला. सूक्ष्म आकार मिळाला तो तीस वर्षांपूर्वीच्या मोजक्या, शिस्तीने घेतलेल्या छायाचित्रांतून. आणि तेथेही बुद्धाच्या चीवराच्या चुण्या संगणकाच्या नजरेतून निसटल्या. त्या चुण्या माणसांनी डोळ्यांनी पाहून, बिंदूमागून बिंदू टिपून मोजाव्या लागल्या. यंत्र काय करू शकते आणि कोणाच्या पूर्वतयारीवर करू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

छायाचित्र म्हणजे सपाट कागदावर पडलेली जगाची सावली. कॅमेऱ्याच्या भिंगातून आलेला प्रकाशकिरण कोणत्या दिशेने आला हे ते सांगते. किती दुरून आला हे सांगत नाही. जवळचा खुजा खांब आणि दूरचा उंच मनोरा कागदावर सारखेच उमटू शकतात. परंतु तोच खांब दुसऱ्या जागेवरून पुन्हा टिपला, तर दोन्ही जागांवरून निघालेले किरण अवकाशात एका बिंदूत मिळतात आणि त्रिकोण पुरा होतो. एक बाजू व तिच्यालगतचे दोन कोन कळले की त्रिकोण निश्चित होतो, हे शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. लँबटनने १८०२मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला, तो याच एका विधानाच्या भरवशावर.

या कामासाठी कॅमेरा वापरण्याची कल्पना मायडेनबाउर या जर्मन वास्तुतज्ज्ञाला सुचली, ती जिवावर बेतलेल्या प्रसंगातून. १८५८मध्ये वेट्झलार येथील कॅथीड्रलची मापे घेताना तो उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढून घ्यावयाची मापे भिंतीच्या चित्रावरून का घेता येऊ नयेत, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला. १८८५मध्ये बर्लिनला यासाठी प्रशियाची सरकारी संस्था निघाली. तिने महत्त्वाच्या इमारतींच्या हजारो काचेच्या निगेटिव्ह जमवून ठेवल्या. आणि दुसऱ्या महायुद्धात अनेक वास्तू पडल्यावर दुरुस्तीच्या कामी त्यांचा आधार घेता आला. इमारत धडधाकट असताना तिची मोजणी करून ठेवणारे सरकार दूरदर्शी म्हटले पाहिजे. असे सरकार नेहमीच दुर्मिळ असते.

मायडेनबाउरला आपला कॅमेरा कोठे उभा आहे आणि कोणीकडे पाहतो आहे हे माहीत होते. खरे कोडे त्यापुढचे आहे. कोणा अनोळखी माणसाने कोठून तरी घेतलेली दोन चित्रे समोर आली, त्याची जागा माहीत नाही आणि वस्तूचा आकारही माहीत नाही, तर दोन्ही अज्ञाते एकाच वेळी उलगडता येतील काय? सकृद्दर्शनी हा प्रश्न म्हणजे दोन आंधळ्यांनी एकमेकांना वाट विचारण्यासारखा वाटतो. भूमितीचे उत्तर मात्र होकारार्थी आहे. कॅमेऱ्याच्या दोन जागा आणि दृश्यातील कोणताही एक बिंदू हे तिन्ही एका प्रतलात असलेच पाहिजेत. म्हणून दोन्ही चित्रांत ओळखू येणारा प्रत्येक बिंदू एकेक समीकरण देऊन जातो. कॅमेरा किती वळला यासाठी तीन अज्ञाते आणि कोणत्या दिशेने सरकला यासाठी दोन, अशी एकूण पाच होतात. पाच अज्ञातांना पाच समीकरणे, म्हणजे पाच बिंदू पुरेत!

हे उत्तर ऑस्ट्रियाचे गणिती एर्विन क्रुप्पा यांनी १९१३मध्ये दिले. अशा कोड्याची जास्तीत जास्त अकरा उत्तरे निघतील असे त्यांनी दाखविले. ती वस्तुतः दहाच आहेत हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. गणना करणारे यंत्रच नसलेल्या काळात या निष्कर्षाचा व्यावहारिक उपयोग काय, असे क्रुप्पा यांना कोणी विचारले असते तर त्यांच्यापाशी फारसे उत्तर नव्हते. पाच बिंदूंवरून झटपट उत्तर काढणारी, संगणकाला रोजच्या वापरात पेलणारी रीत डेव्हिड निस्टेर यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केली. मधली नव्वद वर्षे ते समीकरण मुकाट्याने थांबून होते. संशोधनाचा उपयोग पहिल्या तीन वर्षांत दाखवा असा आग्रह धरणाऱ्या समित्यांनी ही नव्वद वर्षे ध्यानात घ्यावीत.

क्रुप्पा आणि निस्टेर यांच्यामधला महत्त्वाचा टप्पा क्रिस्टोफर लाँग्वे-हिगिन्स यांचा. हे गृहस्थ मूळचे सैद्धांतिक रसायनशास्त्रातले नामांकित प्राध्यापक. पुढे ते विषय सोडून मन आणि मेंदू यांच्या अभ्यासाकडे वळले. १९८१च्या सप्टेंबरात ‘नेचर’मधील अवघ्या तीन पानांच्या लेखात त्यांनी दाखविले की पाचऐवजी आठ बिंदू घेतले तर हे अवघड कोडे साध्या रेषीय समीकरणांचे होऊन जाते. मोजणीशास्त्रातील मंडळींना त्यातला मूळ संबंध निराळ्या वेशात ठाऊक होता. पण संगणकाने पाहावे कसे याचा विचार करणाऱ्यांना त्या लेखाने वाट दाखविली. ही रीत व्यवहारात टिकत नाही, बिंदू टिपताना किंचित चूक झाली की उत्तर भलतीकडे जाते, असा बोभाटा मात्र लवकरच झाला आणि बहुतेकांनी ती सोडून दिली. १९९७मध्ये रिचर्ड हार्टली यांनी तिची बाजू मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांची दुरुस्ती इतकी साधी होती की ती कोणाही गणिताच्या शिक्षकाला पटावी. चित्राचा आरंभबिंदू कोपऱ्यातून उचलून टिपलेल्या बिंदूंच्या मध्यावर आणा, मापे एका सारख्या प्रमाणात आणा आणि मग समीकरणे सोडवा. काही आकडे शेकड्यांत, काही लाखांत आणि काही एकाच्या घरात असले की आकडेमोड डळमळते. ते सारख्या पातळीवर आणले की तीच रीत भरवशाची होते. दोष पद्धतीचा नव्हता, मांडणीचा होता.

या विद्येचे डोळे दिपविणारे प्रात्यक्षिक २००९मध्ये झाले. समीर अगरवाल, नोआ स्नेव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून रोम शहराची सुमारे दीड लाख छायाचित्रे गोळा केली आणि सुमारे ५०० संगणकीय प्रक्रियाकेंद्रांच्या साहाय्याने एका दिवसाच्या आत त्यांतून वास्तूंचे त्रिमित आराखडे आणि छायाचित्रकारांच्या उभे राहण्याच्या जागा शोधून काढल्या. ज्यांनी ती छायाचित्रे घेतली त्यांतील एकालाही आपण रोमची मोजणी करीत आहोत याची कल्पना नव्हती. एकट्या कोलोसियमच्या आराखड्यात दोन हजारांहून अधिक चित्रे गुंफली गेली.

येथेच एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. केवळ छायाचित्रांतून निघालेल्या अशा आराखड्याला आकार असतो, माप नसते. खरे मंदिर आणि त्याची हुबेहूब वीतभर प्रतिकृती यांची छायाचित्रे भूमितीच्या दृष्टीने सारखीच असतात. आणि चित्रे कितीही वाढविली तरी हा संभ्रम मिटत नाही. त्यासाठी बाहेरून निदान एक लांबी कळावी लागते. चौथऱ्यावर ठेवलेली एक मोजपट्टी कोट्यवधी बिंदूंना जे जमत नाही ते करते. शिवाय कॅमेरा एकाच जागी उभा राहून नुसता फिरला तर खोलीचा पत्ताच लागत नाही. माणसाला जागा सोडावीच लागते. आणि सारख्या खांबांची रांग आली, जशी कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे, की एका खांबाला दुसरा समजून बसण्याचा धोका यंत्राला असतो. अशा चुकीने तयार झालेला आराखडाही पडद्यावर तितकाच देखणा दिसतो, ही यातली खरी गोम आहे.

आपल्याकडे या विद्येचा मोठा वापर कोणत्याही स्मारकावर न होता सामान्य माणसाच्या घराच्या उंबरठ्यावर सुरू झाला आहे. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची छायाचित्रे घेतो, त्यांतून नकाशे तयार होतात आणि घरमालकांना मिळकतपत्रिका दिल्या जातात. ज्या गावठाणांत पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी होती आणि कागद मात्र नव्हता, तेथे ही मोठीच सोय आहे. मिळकतपत्रिकेवर कर्ज निघू शकते, वाटणीचे तंटे मिटू शकतात. पण या योजनेतील एक साधी पायरी विचार करण्याजोगी आहे. ड्रोन उडण्यापूर्वी गावात मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून घेतल्या जातात. आणि नकाशा तयार झाल्यावर गावात पडताळणी करून हरकती ऐकल्या जातात. म्हणजे हद्द कोणती हे आकाशातला कॅमेरा ठरवीत नाही. ती शेजाऱ्यांच्या साक्षीने, ग्रामपंचायतीच्या समक्ष, जमिनीवर ठरते. चुन्याची रेघ चुकली तर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने चुकीचीच हद्द मोजली जाईल! एखाद्या विधवेचे परसू दिराच्या रेघेत गेले असेल, तर ते शोधून काढण्याची क्षमता कोणत्याही समीकरणात नाही. म्हणून ‘नकाशात तसेच आले आहे’ हे उत्तर हरकत घेऊन आलेल्या माणसाला कोणत्याही कचेरीत मिळता कामा नये. ज्या मूळ छायाचित्रांवरून नकाशा निघाला ती पाहण्याची सोय त्याला असली पाहिजे, आणि ती समजावून सांगणारा माणूसही तेथे असला पाहिजे. हरकतीची मुदत ही कामातली दिरंगाई नव्हे. मोजणीचाच तो एक भाग आहे.

वारशाच्या बाबतीत आपली स्थिती याच्या उलट आहे. तेथे घाई नाही. तेथे कामच नाही. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि त्यातील बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत, याचा सर्वांना रास्त अभिमान वाटला. या अकरांकडे आता लक्ष राहील अशी आशा करता येते. परंतु गावोगावच्या बारवा, वेशीजवळचे वीरगळ, लाकडी कोरीवकामाचे वाडे यांच्याकडे कोण पाहणार? वाडा पडतो तो एका पावसाळ्यात. आणि पडण्याआधी त्याची मोजणी करावी असे कोणाला सुचत नाही. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते. पाण्याच्या हेलकाव्यांत दरवर्षी त्याची किती झीज होते हे सांगायचे, तर निरनिराळ्या वर्षांची शिस्तीने घेतलेली छायाचित्रे हवीत. प्रत्येक पर्यटकाच्या खिशात कॅमेरा असताना ती नसावीत याला गरिबी हे कारण म्हणता येणार नाही.

हे काम महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना सहज उचलता येईल. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. वास्तूभोवती पावलापावलाने सरकत, लगतच्या दोन चित्रांत बराचसा भाग समान येईल अशा बेताने छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक बाजूस एक मोजपट्टी ठेवावी. तारीख आणि कॅमेऱ्याचा तपशील लिहून ठेवावा. चित्रे रंगवू नयेत, कापू नयेत, एकमेकांना पाठविताना लहान झालेली प्रत मूळ म्हणून जपू नये. आणि त्रिमित आराखडा तयार झाला म्हणून मूळ छायाचित्रे टाकून देऊ नयेत. आराखडा हा एका वेळच्या संगणकाने केलेला तर्क आहे. पुरावा छायाचित्रात असतो. वीस वर्षांनी रीत सुधारली तर त्याच पुराव्यातून चीवराच्या चुण्याही कदाचित हाताविना मिळतील, पण त्यासाठी पुरावा जागेवर असायला हवा.

सर्वांत निकडीचा प्रश्न जुन्या चित्रांचा आहे. तालुक्याच्या गावांतील जुने फोटो-स्टुडिओ एकामागून एक बंद होत गेले. त्यांच्या कपाटांत पन्नास-साठ वर्षांच्या निगेटिव्ह होत्या. त्यांतल्या कित्येक चांदीसाठी वा जागा मोकळी करण्यासाठी भंगारात गेल्या. त्यांत लग्नाच्या मांडवामागे उभा असलेला वाडा असेल, शाळेच्या वार्षिक छायाचित्रामागची वेस असेल, बुडण्यापूर्वीच्या गावाची यात्रा असेल. ती चित्रे कोणी मोजणीसाठी घेतली नव्हती, तरी दोन कोनांतून घेतलेली दोन चित्रे आणि त्यांत ज्याची लांबी माहीत आहे असे एखादे बाक एवढ्यानेही मोजणीला सुरुवात होऊ शकते. राज्याच्या पुराभिलेख आणि पुरातत्त्व या दोन्ही खात्यांनी मिळून प्रत्येक जिल्ह्यात अशा निगेटिव्ह स्वीकारणारी एक खोली आणि त्यांची नोंद ठेवणारा एक कारकून नेमला, तर त्याचा खर्च एखाद्या स्मारकावरील दिव्यांच्या रोषणाईहून अधिक होणार नाही.