दोन आकडे आणि अंगठ्याची पारख

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातखाचरांच्या सोबतीने पापनाशम वसले आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी तंजावरास होती आणि त्या घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरलेला आहे. पापनाशमलगतच्या तिरुपालैतुरै येथील शिवमंदिराच्या आवारात नायक काळातील विटांचे भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. त्या कोठारापर्यंत धान्य आणणाऱ्या बैलगाडीच्या आसाला वंगण किती आणि कोणते घालावे, हे गाडीवानाला अनुभवाने ठाऊक असे. आज त्याच रस्त्यावरून ट्रॅक्टर, कापणी-मळणी यंत्रे आणि मोटारी धावतात. वंगणाचा निर्णय मात्र अजूनही बहुधा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतच घेतला जातो.

डिपस्टिक ओढावी, तेलाचा थेंब बोटांवर घेऊन चोळावा आणि ‘पातळ झाले आहे, जाड घाला’ असा निकाल द्यावा, ही रीत पापनाशममध्ये जशी दिसते तशीच बारामतीत आणि बेळगावातही दिसते. तिच्यामागचे तर्कशास्त्र सरळ वाटते. मुलूख उष्ण, उष्णतेने तेल पातळ होणार, म्हणून मुळातच जाड तेल घालावे. हा तर्क अर्धाच खरा आहे आणि अर्धसत्यावर चालणारे इंजिन बिघडण्यापूर्वी फारशी पूर्वसूचना देत नाही. तेलाचा ग्रेड हवेच्या उष्णतेवरून किंवा मेस्त्रीच्या सवयीवरून ठरत नाही. तो प्रथम इंजिनाच्या रचनेवरून ठरतो. हवामान आणि काम यांचा विचार त्यानंतर, निर्मात्याने आखून दिलेल्या मर्यादेतच करावयाचा असतो.

डब्यावरील आकडे नेमके काय सांगतात, हे आधी पाहणे उचित ठरेल. व्यापारी बोलीत यांना तेलाचे ‘वजन’ म्हणतात. तराजूशी त्यांचा काहीही संबंध नाही. अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने १९११ मध्ये तेलांचे हे वर्गीकरण प्रथम केले आणि काळानुसार त्यात सुधारणा होत गेल्या. आकडे मोजतात ते तेलाचा वाहण्यास होणारा विरोध, म्हणजेच विष्यंदिता. ‘१५डब्ल्यू-४०’ या खुणेतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळा सुचविते. त्याच्या अगोदरचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो आणि तो जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे चालून तापलेल्या इंजिनात, तेल किती दाट राहते हे सांगतो. ‘३०’ ग्रेडचे तेल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावे लागते, तर ‘४०’ ग्रेडचे १२.५ ते १६.३ या पट्ट्यात.

येथे पहिला गैरसमज दूर होतो. १५डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे २० अंशांना होते आणि ५डब्ल्यू तेलाची उणे ३० अंशांना. पापनाशमच्या पौषातही पारा २० अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. महाराष्ट्रात थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या निफाडच्या द्राक्षबागांत तो शून्याच्या जवळ पोहोचतो खरा, परंतु उणे २० त्यापासून फार दूर आहे. म्हणजे इंजिन गोठून बंद पडेल या भीतीने आपल्याकडे कोणालाही लहान ‘डब्ल्यू’ आकडा शोधावा लागत नाही. मग नव्या मोटारींना ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२०, क्वचित ०डब्ल्यू-१६ अशी तेले का सांगितली जातात? ही थंड देशांची नक्कल आहे, असा समज अनेकांनी करून घेतला आहे आणि दुसरा गैरसमज तेथेच जन्मतो.

त्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. लाडवाचा पाक एकतारी झाला की दोनतारी, हे गृहिणी चिमटीतच पाहते. तिची पारख अचूक ठरते, कारण पाक ज्या अवस्थेत वापरावयाचा त्याच अवस्थेत ती तो तपासते. मेस्त्रीची चिमूट तेल तपासते ते निवलेल्या इंजिनातले, आणि तेलाला काम करावयाचे असते तापलेल्या इंजिनात. सर्वसाधारण १५डब्ल्यू-४० तेलाची विष्यंदिता १०० अंशांना चौदा-पंधरा सेंटिस्टोक असते. ४० अंशांना तीच ११० च्या आसपास जाते. म्हणजे मे महिन्याच्या ऐन दुपारी, पापनाशमच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीतील तेलही चालत्या इंजिनातील तेलाच्या सात-आठ पट दाट असते. आपल्या दृष्टीने कडक असलेला उन्हाळा इंजिनाच्या दृष्टीने थंडच असतो. प्रत्येक वेळी चावी फिरविली की हे दाट तेल पंपाला ओढून बेअरिंगांपर्यंत आणि वरच्या झडपांपर्यंत पोहोचवावे लागते. ४० अंशांना ५डब्ल्यू-३० तेल साधारण साठ-पासष्ट सेंटिस्टोक भरते, तर २०डब्ल्यू-५० तेल १६० हून अधिक. लहान फटी आणि अरुंद तेलमार्ग असलेल्या नव्या इंजिनात हा फरक झिजेच्या रूपाने वसूल होतो. फार दाट तेल गाळणीतून सहज जात नाही. तेव्हा गाळणीतील सुरक्षा-झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. दाबमापकाचा काटा वर चढलेला पाहून मालक समाधान पावतो. पण दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढला, असे नव्हे.

याचा अर्थ पातळ तेल सर्वत्र उत्तम, असाही नाही. बेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो आणि धातूला धातूपासून दूर ठेवण्याचे काम तोच करतो. भार वाढला, फेरे मंदावले, उष्णता चढली की पापुद्रा विरळ होतो. चिखलात रुतलेल्या चाकांवर पूर्ण भाराने चालणारे कापणीयंत्र किंवा पोती भरून सुटलेला ट्रॅक्टर यांच्यासाठी निर्मात्याने ‘४०’ ग्रेड सांगितला असेल, तर तेथे ‘२०’ ग्रेडचे तेल घालणे हा विनाशाचा मार्ग आहे. प्रश्न जाड चांगले की पातळ चांगले, हा नाहीच. ज्या फटींसाठी, ज्या पंपासाठी आणि ज्या भारासाठी ते इंजिन घडविले, त्यांना कोणते तेल अनुरूप आहे, एवढाच प्रश्न आहे.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना हा वाद अपरिचित वाटू नये. लिंबूवर्गीय फळबागांत खवले किडींविरुद्ध खनिज तेलांच्या फवारण्या सुरू झाल्या, तेव्हा तेलाच्या जडपणाचा हाच पेच उभा राहिला. फार हलके तेल कीड गुदमरण्यापूर्वीच उडून जाई आणि फार जड तेल पानांवर रेंगाळून झाडालाच इजा करी. उत्तर दोहोंच्या मध्ये, नेमक्या आणि अरुंद पट्ट्यात सापडले. ते बोटांनी चाचपून नव्हे, तर तेलाच्या ऊर्ध्वपातनाचे तापमान मोजून. भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी तर ‘जास्त म्हणजे चांगले’ या समजुतीची किंमत अधिक स्पष्ट दाखविली. सिंथेटिक पायरेथ्रॉइडांच्या वारेमाप फवारण्यांनंतर तुडतुडे कमी होण्याऐवजी उसळी घेऊन वाढल्याचे आशियाच्या भातपट्ट्यात दिसून आले, कारण त्यांचे नैसर्गिक शत्रू आधी नष्ट झाले. कीटकनाशकाच्या डब्यावरील शिफारस वाचा, मात्रा मनाने वाढवू नका, असे शेतकऱ्याला सांगणारा कृषी-अधिकारी परतताना स्वतःच्या मोटारीत ‘जरा जाड’ तेल भरून घेतो, ही विसंगती बोलकी आहे.

आकड्यांइतकीच त्यांच्याशेजारची अक्षरेही महत्त्वाची आहेत. एपीआयच्या खुणांत ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनांची आणि ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनांची. काही तेले दोन्ही निकष पूर्ण करतात, पण तसे डब्यावर छापलेले असावे लागते. शेतकरी कुटुंबात ट्रॅक्टर, मोटार आणि मोटारसायकल अशी तीन यंत्रे एकाच पडवीत उभी असतात आणि ट्रॅक्टरसाठी आणलेल्या पिंपातून तिघांचीही तहान भागविण्याचा मोह होतो. मोटारसायकलीचा क्लच बहुधा इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणारी द्रव्ये तो घसरवू शकतात, म्हणून तिच्यासाठी ‘जासो एमए’ ही खूण पाहावी लागते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा निकषांच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. राख अधिक सोडणारे तेल ती गाळणी अकाली चोंदवते. आकडा जुळला आणि अक्षर चुकले, तरीही निवड चुकलीच.

मेस्त्रीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याची सवय निराधार नव्हती. ज्या काळी फटी मोठ्या होत्या, तेले उष्णतेने लवकर विरत आणि रस्ते धुळीने भरलेले असत, त्या काळी २०डब्ल्यू-५० ने अनेक इंजिने तारली. आजही दोन लाख किलोमीटर चाललेले, तेल खाणारे जुने इंजिन एक पायरी दाट तेलाने काही काळ शांत चालते. परंतु ते औषध नव्हे, कळ दाबणे होय. रिंगा झिजल्या आहेत की झडपांच्या सीलमधून तेल जाते, याचा शोध त्यामुळे पुढे ढकलला जातो. शिवाय अनेक माहितीपुस्तिकांत तापमानाच्या तक्त्यासह दोन-तीन ग्रेड मान्य केलेले असतात. अशा ठिकाणी पापनाशमच्या उष्ण हवेत, नित्य भार ओढणाऱ्या वाहनासाठी त्यांतील अधिक दाट ग्रेड निवडणे पूर्णतः शास्त्रशुद्ध आहे. स्थानिक अनुभवाचे खरे स्थान तेथेच, तक्त्याच्या चौकटीत आहे.

हा विषय कृषी-संशोधनाच्या पत्रिकेत यावा, याला कारण आहे. पापनाशम ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील आडुतुरै येथे १९२२ पासून भातावर संशोधन चालू आहे. अशा कोणत्याही केंद्राचे वाण, सल्ला आणि कीड-सर्वेक्षण शिवारापर्यंत पोहोचते ते चार चाकांवरूनच. कुरुवै हंगामाची कापणी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. त्या आठवड्यात यंत्र एक दिवस बंद पडले तर उभ्या लोंबीत दाणा अंकुरतो. सर्वेक्षणाची गाडी आठवडाभर दुरुस्तीत अडकली तर तुडतुड्यांची एक वाढती फळी नजरेतून निसटते. संस्थांच्या वाहन-नोंदवहीत ‘तेल बदलले’ एवढीच नोंद आढळते. कोणते तेल, हा रकाना बहुधा नसतोच. तो रकाना असावा. प्रत्येक वाहनाच्या बॉनेटच्या आतील बाजूस मान्य ग्रेड, मान्य श्रेणी, तेलाचे प्रमाण आणि बदलाचा काळ लिहिलेली लहानशी पट्टी चिकटवावी. कृषी विज्ञान केंद्रांच्या यंत्र-प्रशिक्षणात डब्यावरील खुणा वाचण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही, आणि तरीही हे होत नाही.

याच जोडीने काढलेल्या तेलाचा प्रश्नही सुटला पाहिजे. जळके तेल वाळवीसाठी माडाच्या बुंध्याला फासणे किंवा पाटाच्या कडेला ओतून देणे ही शेतीची सेवा नव्हे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनी त्याची गणना घातक कचऱ्यात केली आहे. ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. कावेरीच्या फाट्यांतून वाहणारे पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते आणि त्यावर पसरलेला तेलाचा तवंगही त्याबरोबर जातो.

मेट्टूर धरणाचे दरवाजे रीतीप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि पापनाशमचे शिवार कामाला लागते. पाणी कधी, बी कोणते, खत किती, हे सारे त्या शिवारात मोजून-मापून ठरते. तेलाच्या डब्यावरील दोन आकडे आणि दोन अक्षरेही तशीच मोजून लिहिलेली आहेत. ती वाचण्यास लागणारा वेळ थेंब बोटांत चोळण्यापेक्षा फारसा जास्त नाही.