वही कोणाच्या हातात?



यंदाची बैठक मावळात आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, आपल्याकडे पावसाची वाट पाहत दुबार पेरणी होते. इथे भात, आपल्याकडे कापूस आणि ज्वारी. पण कर्जाचे खाते दोन्हीकडे सारखेच. मावळात बंगल्यांनी आणि द्रुतगती मार्गाने जमिनीला सोन्याचा भाव आणला. तरी कर्ज फिटूनही सातबाऱ्यावर बोजा राहिला, तर त्या सोन्याचा व्यवहार अडतो. बेबाकी दाखला मिळेपर्यंत मालक स्वतःच्याच जमिनीचा कर्जदार!

ही गोष्ट आजची नाही. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. घेतले किती, फेडले किती, राहिले किती, हे फक्त सावकाराची वही सांगे. सरकारलाही ते उमगले. १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला.

पुढे सोसायटी आली, जिल्हा बँक आली. वहीचा प्रश्न मात्र राहिला. सभासदांकडून सोसायटीला जे येणे, त्यापेक्षा सोसायटीचे बँकेला देणे जास्त निघते. याला सहकार खात्याने नाव दिले ‘अनिष्ट तफावत’. सभासदाने भरलेला पैसा बँकेपर्यंत गेला नाही म्हणून, की व्याजाचे गणित दोन ठिकाणी दोन झाले म्हणून? सभासदाला कोणी सांगत नाही.

त्याहून मोठी फसगत ‘नवं-जुनं’ची. मार्चअखेर आली की आठ-पंधरा दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवे पीककर्ज घ्यायचे आणि सावकाराचे फेडायचे. मुदतीत भरले तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून शेतकरीही करतो. बँकेच्या ताळेबंदात वसुली झळकते. कापूस करपला, ज्वारी काळी पडली, त्याची नोंद त्या ताळेबंदात कुठेच नाही. मग कर्जमाफी येते ती थकबाकीदारासाठी. नवं-जुनं करणाऱ्याच्या वाट्याला फार तर प्रोत्साहनाची रक्कम. वही निरोगी, शेतकरी आजारी!

वही चुकली की भोगतो कोण? २००८ च्या कर्जमाफीची तपासणी महालेखापरीक्षकांनी केली. त्यांचा अहवाल २०१३ मध्ये संसदेपुढे आला. लाभ मिळालेल्या ज्या खात्यांची तपासणी झाली, त्यांत ८.५ टक्के अपात्र निघाली. वगळलेली ९,३३४ खाती पाहिली, तर त्यांत १,२५७ पात्र होती. काही कागदांवर खाडाखोडही सापडली. २०१७ ला महाराष्ट्राने दीड लाखापर्यंतची माफी जाहीर केली. तेव्हाही बँकांची माहिती आणि शेतकऱ्यांचे अर्ज यांचा मेळ बसता बसेना, आणि लोक याद्यांत नाव शोधत राहिले.

आता सांगतात, संगणक आला की सगळे सरळ होईल. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. संगणक यावाच, आमचा विरोध नाही. एकाच जागी नोंद झाली तर तफावत लपवणे अवघड होते. पण मुंबईच्या पीएमसी बँकेत संगणक होताच. तरी एका बांधकाम समूहाचे कर्ज झाकायला २१,०४९ खोटी खाती उभी केल्याचे २०१९ मध्ये तपासात पुढे आले. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला आधी फक्त १,००० रुपये काढता येत होते. खोटे लिहिणारा हात यंत्र धरत नाही. ज्याचे खाते, त्यानेच ते वाचले पाहिजे.

हक्क आपल्याकडे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचा ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात, फी भरून नकला घेता येतात. गावी परतल्यावर प्रत्येकाने खातेउतारा मागावा, पावत्यांशी ताडून पाहावा. वार्षिक सभेत एकच सवाल करावा: आमच्या सोसायटीची अनिष्ट तफावत किती, आणि ती कशाने झाली?

सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या. आपल्याला त्या उघडून वाचायच्या आहेत.