मुळशीचा पाऊस कोणाच्या मापाने मोजायचा?

१/ २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा आकडा आला की 'ढगफुटी' हा शब्द लगेच पुढे येतो. माझ्या मते या शब्दाने मूळ प्रश्न झाकला जातो.

२/ ढगफुटी म्हणजे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटर वा अधिक पाऊस. ताम्हिणीची त्या दिवसाची सरासरी तासाला २३ मिलिमीटर भरते. मात्र ओढा सरासरीने चढत नाही. कोणत्या तासात किती कोसळले, यावर त्याचे पाणी ठरते.

३/ घाटमाथ्यावर पाऊस दोन रीतींनी अडतो. आषाढ-श्रावणात समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीची भिंत चढतात. ढग पुढे सरकले तरी त्याच जागी नवे घडत राहतात. परतीच्या पावसात वरचे वारे मंदावलेले असले, तर मेघगर्जनेचा एखादा ढग त्याच खोऱ्यावर रेंगाळून रिता होतो. पहिल्याची चाहूल आधी लागते. दुसरा दुपारच्या उन्हानंतर येतो, भात कापणीला आलेले असताना.

४/ या दुसऱ्या प्रकाराचे रूप पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिले. कात्रजच्या डोंगरावरचे पाणी आंबिल ओढ्याने शहरात शिरले; शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. धरण फुटले नव्हते. एक ओढा पुरेसा ठरला.

५/ आता इतिहासाकडे. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण तरीही उभे राहिले आणि १९२७ पासून मुळेचे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले. कंपनीला मुळशी हवी होती ती याच पावसासाठी. (आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली, हे त्या हिशेबात कोठे बसते, ते वाचकांनीच पाहावे.)

६/ तेव्हापासून मुळशीचा पाऊस आपण जलाशयाच्या मापाने वाचतो: आज किती, हंगामात किती, धरण किती टक्के. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ हे हवामान खात्याचे माप साठ्याच्या हिशेबाला उत्तम आहे. पण ओढा तासाभरात चढून उतरतो आणि सकाळच्या आकड्यात त्याचा मागमूस राहत नाही.

७/ २०२४ च्या त्याच दिवशी सगळ्यांचे लक्ष सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते. इकडे ताम्हिणी घाटात आदरवाडीजवळ दरड कोसळून एकाचा जीव गेला. ही बातमी किती जणांना आठवते?

८/ म्हणून मागणी साधी आहे. घाटातील गावागावांत तासागणिक मोजणारे पर्जन्यमापक हवे. त्यांचा आकडा त्याच तासाला ओढ्याकाठच्या वस्तीत पोचावा, आणि २०१९ वा २०२४ ला पाणी कुठवर आले होते, त्याची खूण गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून साकवाच्या खांबावर रंगवून ठेवावी.