यंत्र हातात, पण हाताचा विचार कोठे?

मायक्रोसॉफ्ट आणि आसूस या दोन कंपन्यांनी मिळून १६ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय’ हा हातात धरून खेळावयाचा संगणक बाजारात आणला. गेमिंगच्या जगात नवे यंत्र येणे ही काही अपूर्वाई नव्हे. लक्ष वेधून घेणारी बाब होती ती त्यातील सॉफ्टवेअरची. हे यंत्र सुरू केले की विंडोजचा नेहमीचा डेस्कटॉप, त्यावरील चित्र, तळाची पट्टी यांपैकी काहीही लोड होत नाही. थेट खेळांची यादी समोर येते. या काटछाटीमुळे दोन जीबीपर्यंत मेमरी मोकळी होते, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. टेबलावरच्या संगणकासाठी घडवलेली आपली प्रणाली हातातल्या यंत्राला ओझे होत होती, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

दोन जीबी हा आकडा महाराष्ट्रालाही परिचित आहे. राज्यातील अंगणवाडी सेविकांना २०१९च्या सुमारास सरकारने जे मोबाइल दिले, त्यांची एकूण मेमरीच दोन जीबी होती. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील खर्डी आणि आसपासच्या पाड्यांवरील बालकांचे वजन, गर्भवतींची नोंद आणि पोषण आहाराचा हिशेब अशाच यंत्रात भरला जाणार होता. एकीकडे करमणुकीचे महागडे साधन आणि दुसरीकडे कुपोषणाशी लढण्याचे सरकारी साधन. दोन्हींची तुलना प्रथमदर्शनी विजोड वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच आहे. यंत्र ज्याच्या हातात द्यावयाचे, त्याच्या हाताचा, डोळ्यांचा आणि परिस्थितीचा विचार सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने केला होता काय? एका ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर तीन-चार वर्षांत बरेचसे बदलले. दुसऱ्या ठिकाणी त्यासाठी आंदोलन करावे लागले.

यंत्र तेच, अनुभव वेगळा

हातातल्या गेमिंग संगणकांना खरी चालना मिळाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये, अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीच्या ‘स्टीम डेक’मुळे. त्याची चिप विलक्षण वेगवान नव्हती. पडदाही सात इंचांचा आणि साधारण स्पष्टतेचा होता. मात्र व्हॉल्व्हने त्यात विंडोज न घालता लिनक्सवर आधारलेली ‘स्टीम ओएस’ ही स्वतःची प्रणाली घातली. विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालावेत म्हणून ‘प्रोटॉन’ हा दुभाषा कंपनी २०१८ पासूनच तयार करीत होती. खेळता खेळता बटण दाबावे, यंत्र झोपी जावे आणि तासाभराने पुन्हा बटण दाबताच खेळ त्याच क्षणापासून पुढे सुरू व्हावा, ही या यंत्राची सर्वांत वाखाणली गेलेली सोय होती. लोकलमध्ये वा बसमध्ये खेळणाऱ्याला हेच तर हवे असते.

व्हॉल्व्हने आणखी एक पद्धत सुरू केली. प्रत्येक खेळ या यंत्रावर तपासून त्याला शेरा द्यावयाचा. छोट्या पडद्यावर अक्षरे वाचता येतात काय, कीबोर्ड-माऊसशिवाय सर्व बटणे चालतात काय, काही जुळवाजुळव न करता खेळ सुरू होतो काय, अशा कसोट्या लावून ‘पडताळलेला’, ‘खेळण्याजोगा’ किंवा ‘न चालणारा’ असे वर्गीकरण केले गेले. ग्राहकाला आधीच कल्पना मिळाली आणि खेळ तयार करणाऱ्यांना सुधारणेचे कारण मिळाले.

पुढच्याच वर्षी आसूसने ‘आरओजी अ‍ॅलाय’ आणला. जुलै २०२३ मध्ये तो भारतातही सुमारे सत्तर हजार रुपयांना विक्रीस आला. त्याची चिप स्टीम डेकपेक्षा वेगवान आणि पडदा अधिक सुबक होता. पण आत विंडोज ११ होती. बोटाने दाबता न येणारी बारीक चिन्हे, ऐन वेळी न उमटणारा कीबोर्ड, खेळाच्या मध्यात डोकावणाऱ्या अद्ययावतीकरणाच्या सूचना, प्रत्येक कंपनीच्या खेळांसाठी वेगळी खिडकी आणि वेगळा पासवर्ड, बंद केले असे समजून पिशवीत ठेवलेले यंत्र आपोआप जागे होऊन तापणे, अशा तक्रारींची रीघ लागली. २०२४ मध्ये आसूसने नव्या आवृत्तीत बॅटरीची क्षमता दुप्पट केली. तथापि झोपेतून अवेळी जागे होणाऱ्या यंत्राला मोठी बॅटरी देणे म्हणजे गळक्या हंड्याच्या जागी मोठा गळका हंडा ठेवण्यासारखे होते. दुखणे सॉफ्टवेअरमध्ये होते.

मे २०२५ मध्ये लेनोवोने आपला ‘लीजन गो एस’ स्टीम ओएससह विकावयास काढला. हेच यंत्र विंडोजसहही मिळत असल्याने सरळ तुलना शक्य झाली. अनेक परीक्षकांना त्याच यंत्रावर बऱ्याच खेळांत स्टीम ओएसचा वेग अधिक आणि बॅटरीचा टिकाव जास्त आढळला. चिप, पडदा, बॅटरी सारखी. फरक केवळ आज्ञावलीचा. स्टीम ओएस निर्दोष आहे असे नव्हे. फसवणूक रोखणाऱ्या प्रणालींमुळे काही लोकप्रिय ऑनलाइन खेळ लिनक्सवर आजही चालत नाहीत आणि तेथे विंडोजच लागते. पण स्पर्धक पुढे गेल्याचे दिसताच मायक्रोसॉफ्टला हालचाल करावी लागली. ‘एक्सबॉक्स अ‍ॅलाय’वरील पूर्ण पडद्याची नवी रचना नोव्हेंबर २०२५ पासून इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठीही खुली झाली. ग्राहकाने तक्रार केली, पर्याय उपलब्ध होता, म्हणून जगातील एक बलाढ्य कंपनी वाकली.

खर्डीच्या पाड्यांवर

आता दुसऱ्या यंत्राकडे वळावे लागेल. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव, आटगावच्या पुढे खर्डी स्थानक लागते. मुंबईपासूनचे अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. लोकलने दोन-सव्वादोन तासांचे. तानसा, भातसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्याच्या परिसरात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही येथेच आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजाची वस्ती डोंगरउतारांवर विखुरलेली आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शेजारच्या मुरबाड तालुक्यात तर रेल्वेही पोहोचलेली नाही.

अशा मुलखात अंगणवाडी ही आरोग्यव्यवस्थेची सर्वांत पुढची चौकी ठरते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ही चौकी उभी केली. बालकाचे वजन-उंची घेणे, ते मध्यम की तीव्र कुपोषित हे ठरवणे, गर्भवती व स्तनदा मातांना आहार देणे ही सेविकेची कामे. आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचा गरम चौरस आहारही तिच्याच देखरेखीखाली शिजतो. या सर्वांच्या नोंदी जाडजूड वह्यांत होत असत. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यावर वहीच्या जागी मोबाइल आला आणि मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आले.

हेतू चांगला होता, हे मान्य केलेच पाहिजे. वहीतील नोंद तालुक्याला पोहोचेपर्यंत महिना उलटतो आणि तोवर तीव्र कुपोषित बालक हाताबाहेर जाऊ शकते. नोंद त्याच दिवशी पोहोचली तर वेळीच मदत धाडता येते. स्थलांतरित बालकाची नोंद त्याच्या मागोमाग दुसऱ्या गावात जाऊ शकते, हा लाभ तर खर्डीसारख्या भागाला अमूल्य आहे. आहाराच्या वाटपातील गळतीवरही लक्ष ठेवता येते.

परंतु अ‍ॅप सुरू झाले तेव्हा ते इंग्रजीत होते. सातवी-दहावी झालेल्या, वीस-पंचवीस वर्षे मराठीत वह्या भरलेल्या सेविकांनी बालकांची नावे इंग्रजीत टंकावी, अशी अपेक्षा होती. दोन जीबीच्या मोबाइलवर अ‍ॅप अडखळे, यंत्र तापे. चुकीची नोंद दुरुस्त करणे दुरापास्त होते. आणि या नोंदींशी सेविकेचे मानधन जोडलेले होते. म्हणजे अ‍ॅप अडले तर भुर्दंड तिला. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाइल सरकारला परत करण्याचे आंदोलन छेडले. अ‍ॅपच्या भाषेचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगल्या मोबाइलची मागणी अग्रभागी होती आणि तो मिटवताना नवे मोबाइल देण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले.

तक्रार कोणाची ऐकली जाते?

त्यानंतर परिस्थिती सुधारली, हेही नोंदवावयास हवे. पोषण ट्रॅकर आता मराठीसह वीसहून अधिक भाषांत आहे. नवे मोबाइल सेविकांच्या हाती पडू लागले. मात्र जुन्या अडचणी सुटतात न सुटतात तोच नवे बंधन आले. जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा पोषण आहार देताना लाभार्थी मातेचा चेहरा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ओळखणे सक्तीचे झाले. त्यासाठी आधी आधार पडताळणी, मग आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणारा संकेतांक, मग छायाचित्र. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो घेऊन घरधनी कामावर गेला आहे, तेथे संकेतांक कसा मिळावा? रेंज नसलेल्या पाड्यावर चेहरा कसा जुळावा? वीटभट्टीवर गेलेल्या मातेने कोठे उभे राहावे? अशा तक्रारी राज्याराज्यांतील सेविकांच्या संघटना मांडत आहेत. चेहरा जुळला नाही तर रिकाम्या हाताने परतते ती माता आणि बोल लागतो तो सेविकेला.

या दोन कहाण्यांतील फरक तंत्रज्ञानाचा नाही. गेमिंग संगणकाचा ग्राहक सत्तर हजार रुपये मोजतो आणि न आवडल्यास दुसऱ्या कंपनीकडे जातो. त्याच्या नाराजीची किंमत कंपनीच्या ताळेबंदात उमटते. सेविकेला दुसरे अ‍ॅप निवडण्याची मुभा नाही. अ‍ॅपचा खरा ग्राहक ती नसून वर बसलेला अधिकारी आहे. त्याला आकडे मिळाले की अ‍ॅप यशस्वी. त्यामुळे आकडा भरणाऱ्याचे कष्ट हिशेबात धरलेच जात नाहीत. बाजारात जे काम स्पर्धा करते, ते सरकारी व्यवस्थेत नियमाने करून घ्यावे लागेल.

आधी पाड्यावर, मग आदेश

हा नियम काय असावा, याचा धडा गेमिंगच्याच जगात सापडतो. व्हॉल्व्हने प्रत्येक खेळाला प्रत्यक्ष यंत्रावरील चाचणीचा शेरा दिला. सरकारने सक्तीच्या प्रत्येक अ‍ॅपला तसाच शेरा का देऊ नये? सेविकेकडे असलेल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर ते चालते काय, भर उन्हात अक्षरे वाचता येतात काय, रेंज गेल्यास अर्धवट नोंद जपून ठेवली जाते काय, चुकलेली नोंद तिला स्वतः दुरुस्त करता येते काय, सर्व सूचना मराठीत आहेत काय, या कसोट्या मंत्रालयात बसून पार पडणाऱ्या नाहीत. त्या खर्डीच्या एखाद्या पाड्यावर, पावसाळ्यातल्या दिवशी, सेविकेच्या हातात यंत्र देऊन पार पडल्या पाहिजेत. शेरा मिळेपर्यंत वही वैध राहावी आणि यंत्राच्या चुकीसाठी कोणाचे मानधन वा आहार अडू नये, ही त्याला जोडून येणारी अट.

यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. मायक्रोसॉफ्टने दोन जीबी मोकळी केली ती नवी चिप बसवून नव्हे, तर अनावश्यक ते वगळून. खेळणाऱ्याच्या हातात डेस्कटॉपचे काय काम, हा साधा प्रश्न विचारावयास त्या कंपनीला वर्षे लागली. पाड्यावरच्या सेविकेच्या अ‍ॅपमधील किती रकाने बालकाच्या उपयोगाचे आणि किती केवळ अहवालाच्या, हा प्रश्नही असाच विचारता येईल.

खेळ अडखळला तर खेळणाऱ्याचा अर्धा तास वाया जातो आणि तो चिडून यंत्र बाजूला ठेवतो. खर्डीच्या पाड्यावर अ‍ॅप अडखळले तर एखाद्या बालकाचे घटलेले वजन तालुक्याला वेळेत कळत नाही. पहिल्या चुकीची दखल जगातील बड्या कंपन्यांनी घेतली. दुसरीची दखल घेण्यासाठी सेविकांना पुन्हा मोबाइल परत करावे लागू नयेत.