कागद बाईचा, हाती कुणाच्या?



मारहाण झालेल्या, भाजलेल्या बाईला दवाखान्यात आणतो तो बहुतेक वेळा नवराच. केसपेपर तो काढतो, ‘जिन्यावरून पडली’ असे तोच सांगतो, डिस्चार्जच्या दिवशी फाईलही तोच घेऊन जातो. पुढे ती माहेरी येते, केस उभी राहते, आणि आपण तिच्याबरोबर त्याच दवाखान्याच्या खिडकीशी जातो. उत्तर मिळते, ‘कोर्टाची ऑर्डर आणा.’ तिच्या गर्भपाताची गोष्ट मात्र सासूला खाटेपाशी, चारचौघींच्या देखत सांगितलेली असते!

कायद्याचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावी लागतात, आणि रुग्णाने किंवा तिच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. त्यासाठी ऑर्डर लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा प्रकरणात १९९६ सालीच सांगितले होते, की गुप्ततेचे कारण पुढे करून रुग्णाला तिच्याच केसपेपरची प्रत नाकारता येणार नाही. ‘अधिकृत’ या शब्दाकडे मात्र नीट लक्ष द्या. केवळ नवरा आहे म्हणून तो आपोआप अधिकृत ठरतो, हे आम्हाला मान्य नाही.

३ वर्षे म्हणजे फार नव्हेत. आपल्याकडे तेवढ्यात पुराव्याची तारीखही लागत नाही. म्हणून बाई संघटनेत आली की पहिल्या आठवड्यातच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट मिळाली पाहिजे, असे २००६च्या नियमांत आहे. ‘पडली’ असे आधी लिहिले गेले असेल आणि आता ती खरे सांगत असेल, तर जुन्या नोंदीत खाडाखोड नको. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून नव्याने लिहायला डॉक्टरांना सांगा. नोंदीच्या वेळी नातेवाईक खोलीबाहेर हवेत.

गर्भपाताबाबत कायदा अधिक कडक आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर तिचे नाव किंवा माहिती कायद्याने अधिकार नसलेल्याला सांगणाऱ्या डॉक्टरला १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आता आपल्या ऑफिसातले कपाटही उघडून पाहू या. केसच्या फायली कुलपात आहेत का? किल्ली कुणाकडे असते? शिबिरात ‘नाव सांगत नाही, पण...’ म्हणत आपण गाव, जात, मुलांची संख्या सांगून टाकतो. मग नावाचे राहिले काय? कुठलीही केस शिबिरात मांडण्याआधी त्या बाईला विचारावे. ती नको म्हणाली तर दुसरे उदाहरण शोधावे. आणि तिने स्वतःची फाईल मागितली, तर ‘ताई आल्या की बघू’ असे न सांगता त्याच दिवशी झेरॉक्स काढून द्यावी.